परदेशात स्वतःचा व्यवसाय : गल्ल्यापलीकडचा हिशेब

पैलतीर (धागाकर्ती)

परदेशी जाऊन धंदा थाटलेल्या लोकांविषयीच्या गप्पा बहुतेक दोनच वाटांनी जातात. ‘शून्यातून उभं केलं हो’ ही एक, आणि ‘बिचारे, किती राबतात’ ही दुसरी. दोन्ही खरंच आहे, पण तो माणूस प्रत्यक्षात जगतोय कसा हे त्यातून कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमानाविषयी २६ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे. शरीर, मन, माणसांशी संबंध आणि भोवतालची परिस्थिती असे तिचे चार भाग. गरजेपुरता पैसा आहे का, हा चौथ्या भागातला फक्त एक प्रश्न. झोप समाधानकारक आहे का, विरंगुळ्याला वेळ मिळतो का, मित्रांचा आधार वाटतो का, दवाखाना सहज गाठता येतो का, हे प्रश्नही त्याच रांगेत आहेत. मी आणि नवरा मिळून बरीच वर्षं एक लहान व्यवसाय चालवतो. पैशाच्या प्रश्नाला मी स्वतःला बरे गुण दिले. विरंगुळ्याच्या प्रश्नाला नवऱ्याने दिलेले गुण इथे लिहीत नाही.

माझं मत आधीच मांडते, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. आमच्यासारख्यांच्या जगण्याची कसोटी उलाढालीने लागत नाही आणि नुसत्या कामाच्या तासांनीही लागत नाही. मालक आठ दिवस अंथरुणाला खिळला तर धंदा चालू राहतो का, एवढंच विचारावं. बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ येतं, आणि त्याचं खापर मालकाच्या हावेवर फोडणं मला पटत नाही. नेदरलँड्समधल्या रॉबर्ट क्लूस्टरमन, यान राथ आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलं होतं की स्थलांतरितांचा उद्योग नुसत्या त्यांच्या जातभाईंच्या गोतावळ्यावर समजत नाही; त्या देशाचे कायदे आणि बाजार त्यांना कुठल्या फटीतून आत घेतात तेही पाहावं लागतं. भांडवल थोडं, पदव्यांना मान्यता नाही, भाषा अडखळती, अशा माणसाला जिथे शिरता येतं तिथे शिरायला दुसऱ्यांनाही सोपंच असतं. मग गर्दी होते, भाव पडतात, आणि शेजाऱ्यापेक्षा आपल्याकडे जास्त काय उरतं, तर स्वतःचे तास.

इंग्लंड-वेल्सचं उदाहरण बघा. १९९४ च्या कायद्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडं राहता येतं. लहान दुकानांना ही अट नाही. म्हणजे लहान दुकानदाराला कायद्याने दिलेली सवलत कोणती, तर सुट्टीच्या दिवशीही उभं राहण्याची!

तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहा. ‘योगा करा, सकारात्मक राहा’ छाप प्रतिसाद कृपया नकोत.

हिशेबनीस

चांगला विषय. लहान धंद्यांची खाती लिहिणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, आणि अशील बहुतेक स्थलांतरित. त्यांच्याकडून मी एक गणित करून घेतो. वर्षाचा नफा लिहा. मालकाच्या जागी बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याला काय पगार द्यावा लागला असता, तो त्यातून वजा करा. मग बायकोच्या जागी दुसरा माणूस. मग संध्याकाळी आणि शनिवारी येणाऱ्या मुलांच्या तासांची मजुरी. शेवटी स्वतःचे पैसे गुंतलेत त्यांवर बँकेने दिलं असतं तेवढं व्याज. पुष्कळदा आकडा शून्याखाली जातो. धंदा तोट्यात असतो, आणि तो तोटा घरातली माणसं बिनपगारी भरून काढत असतात. नफा म्हणून जे दिसतं ती खरं तर न दिलेली मजुरी आहे.

बार्टन हॅमिल्टन या अर्थतज्ज्ञाने २००० साली अमेरिकन पुरुषांची आकडेवारी तपासली होती. दहा वर्षं धंदा केल्यानंतर मधल्या फळीतला व्यावसायिक, तेवढीच वर्षं नोकरी केलेल्यापेक्षा ३५ टक्के कमी मिळवत होता. आपल्याला दिसतात ते वरचे चार. मधला दिसत नाही, कारण तो संध्याकाळच्या कार्यक्रमाला येतच नाही. कामावर असतो.

अमेरिकेतल्या मोटेलांचा विषय निघाला की छाती फुगते, आणि त्यात गैर काही नाही. भारतीय वंशाच्या मालकांनी तिथला हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर हातात घेतला, १९८९ मध्ये स्वतःची संघटना काढली. पण सुरुवातीच्या पिढीचं अर्थकारण कशावर उभं होतं? कुटुंब मोटेलमध्येच राहायचं, म्हणजे घरभाडं नाही. खोल्या घरच्यांनीच साफ करायच्या, म्हणजे पगार नाही. मध्यरात्री घंटा वाजली की झोपेतून उठायचं, म्हणजे रात्रपाळीचा माणूस नाही. ताळेबंदात ह्या तिन्ही गोष्टी ‘बचत’ म्हणून दिसतात.

स्वतंत्रबाणा

दोघांशीही असहमत, सविस्तर लिहितो.

हिशेबनीस, तुमचं गणित बरोबर असेल, पण तुलना चुकीच्या माणसाशी आहे. स्थलांतरिताला धंदा सोडून मिळाली असती ती नोकरी कोणती? हॅमिल्टनच्या तक्त्यातली नाही. मी अभियंता. इथे आल्यावर पदवी कागदाच्या तुकड्याइतकी उरली. पुन्हा परीक्षा, पुन्हा परवाना, आणि तोवर जी कामं मिळाली त्यांत माझ्या निम्म्या वयाचा मुकादम मी सही केलेला कागद पुन्हा तपासून घ्यायचा. त्या नोकरीच्या पगाराशी तुलना करा, मग किती टक्के कमी-जास्त येतं ते सांगा. जर्मनीत तर बऱ्याच कारागिरीच्या धंद्यांना ‘माइस्टर’ (उस्ताद कारागीर) प्रमाणपत्राशिवाय स्वतःची पाटी लावता येत नव्हती. २००४ मध्ये ५३ धंद्यांची ती अट काढली, २०२० मध्ये त्यांतल्या १२ धंद्यांना परत लावली. हात चालतो पण कागद नाही, हे दुखणं तुम्हाला खातेवहीत दिसणार नाही.

दुसरं. बेंझ आणि फ्राय या दोघांनी जर्मनी, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड इथली माहिती घेऊन दाखवलं की स्वतःचा व्यवसाय असलेले लोक कामाबाबत नोकरदारांपेक्षा जास्त समाधानी असतात, आणि मिळकत व तास हिशेबात धरूनही हा फरक उरतो. कारण साधं आहे, डोक्यावर कुणी नाही. पैलतीर, तुमच्या त्या २६ प्रश्नांत ‘आज तुम्हाला कुणी हिणवलं का’ असा प्रश्न आहे का? माझ्या जीवनमानात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

पैलतीर

@स्वतंत्रबाणा, तुलनेचा मुद्दा मान्य. पण त्या संशोधनात मोजलंय ते कामातलं समाधान. काम आवडणं आणि जगणं बरं असणं ह्यांत अंतर आहे. माझा नवरा कामावर खूश असतो. तो घरी नसतो, एवढंच.

हिणवण्याचा थेट प्रश्न त्या छोट्या प्रश्नावलीत नाही. रोजच्या जगण्यात किती सुरक्षित वाटतं, असा आहे.

टवाळखोर

एवढा जाच आहे तर नोकरी करा की. बळजबरी कुणी केली?

आडवाट

@टवाळखोर, काही जणांवर व्हिसाने केलेली असते. ह्या अंगाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

नोकरदाराची नोकरी गेली तर दुसरी शोधता येते, मुदत कमी असली तरी. व्यवसायाच्या व्हिसावर असलेल्याचा धंदा म्हणजेच त्याचा राहण्याचा हक्क. ब्रिटनच्या ‘इनोव्हेटर फाउंडर’ मार्गात मान्यताप्राप्त संस्थेचं शिफारसपत्र लागतं, मध्ये प्रगती तपासली जाते, आणि शिफारस काढून घेतली तर व्हिसाच धोक्यात येतो. अमेरिकेचा ई-२ गुंतवणूकदार व्हिसा फक्त करार असलेल्या देशांच्या नागरिकांना मिळतो आणि भारत त्या यादीत नाही. उरतो ईबी-५, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात कायमच्या वास्तव्याचा मार्ग. त्यात २०२२ पासून किमान आठ लाख डॉलर आणि दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण करण्याची अट. तो लहान धंदेवाल्याचा रस्ताच नव्हे.

शहाणा व्यावसायिक तोट्यातला धंदा वेळेत बंद करतो, असं सगळे सल्लागार सांगतात. ज्याचं कुटुंब त्या धंद्याच्या कागदावर त्या देशात राहतंय, त्याने तो कसा बंद करायचा? तो वर्षानुवर्षं तोटा ओढत बसतो, आणि बाहेरचे म्हणतात, चिकाटी बघा! मी अशी माणसं पाहिली आहेत, कायमचा परवाना हातात पडल्यावर ज्यांनी सगळ्यात आधी धंद्याला कुलूप लावलं.

माजघर

वाचनमात्र होते, ह्या धाग्यासाठी खातं उघडलं.

मी मालकांची मुलगी. वर ‘मुलांच्या तासांची मजुरी’ वाचलं आणि हसू आलं. मिरी सॉंग यांनी ब्रिटनमधल्या टेकअवे चालवणाऱ्या चिनी कुटुंबांतल्या मुलांचा अभ्यास केला आहे. ही मुलं आपल्या कामाकडे मजुरी म्हणून बघत नाहीत, घराशी झालेल्या एका न बोललेल्या कराराचा भाग म्हणून बघतात, असं त्यांचं निरीक्षण. आमच्याकडे अगदी तसंच होतं.

काम करण्याने माझं काही बिघडलं असं मला वाटत नाही. माणसं वाचायला लवकर शिकले. जड गेली ती वेगळी गोष्ट. करखात्याचं पत्र, विमा कंपनीचा फोन, घरमालकाशी भाडेवाढीची घासाघीस, सगळं मी करायचे, कारण घरात ती भाषा मलाच धड येत होती. शाळकरी वयात मला आमचं कर्ज किती आहे ते आकड्यानिशी माहीत होतं. आणि तक्रारीला जागा नव्हती. ‘हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय’ ह्या वाक्यापुढे मूल काय बोलणार? आईबाबांना खरंच तसं वाटत होतं, म्हणून तर ते जास्त अवघड.

एक विचारते. बाबांना मी व्यवसाय पुढे चालवावा असं कधीच वाटलं नाही. शिकून नोकरी कर, हाच धोशा. धंदा एवढा मानाचा आणि समाधानाचा असेल, तर जवळजवळ प्रत्येक मालक मुलांना त्यातून बाहेर का काढतो? @स्वतंत्रबाणा, तुमच्या मुलांनी काय करावं असं तुम्हाला वाटतं?

स्वतंत्रबाणा

@माजघर, डॉक्टर व्हावं असं वाटतं. सापडलो! पण डॉक्टर झाल्यावर मुलीने स्वतःचा दवाखाना काढावा असंही वाटतं.

दुसरीबाजू

मालकांच्या दुःखात कामगार कुठेच नाही म्हणून मध्ये पडतो.

आठ दिवस सुट्टी घेता आली पाहिजे, बरोबर. ती कशी मिळते? कुणीतरी कमी पैशात तुमच्या जागी उभं राहतं म्हणून. तो बहुधा आपल्याच भाषेतला नवा आलेला माणूस असतो. आलेहान्द्रो पोर्तेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायामीतल्या क्यूबन लोकांवरून मांडलं होतं की आपल्या माणसांच्या उद्योगवस्तीत काम करणाऱ्या स्थलांतरिताला शिक्षण-अनुभवाचा मोबदला बरा मिळतो. १९८७ मध्ये सँडर्स आणि नी यांनी त्याला आव्हान दिलं : हा फायदा मालकांना दिसतो, कामगारांना नाही.

मी स्वतः काही काळ एका गाववाल्याकडे राबलो आहे. माणूस वाईट नव्हता. पण ‘आपलाच आहेस’ म्हटलं की जादा तासांचे पैसे मागणं हा कृतघ्नपणा ठरायचा. वर माजघर यांनी लिहिलंय तेच, फक्त मी घरचा नव्हतो.

हिशेबनीस

@दुसरीबाजू, टाळी. माझ्या पहिल्या प्रतिसादातलं गणित कामगारांनाही लागू आहे. फरक इतकाच की मालकाच्या बायकोची न दिलेली मजुरी निदान त्याच घरात राहते.

सांगोवांगी

‘मित्रांचा आधार’ ह्या प्रश्नावरून एक सुचलं. आयव्हन लाइट यांनी १९७२ मध्ये दाखवलं होतं की अमेरिकेत बँका दारात उभं करत नव्हत्या तेव्हा चिनी आणि जपानी लोकांनी भिशीसारख्या मंडळांतून भांडवल उभं केलं. नंतर लॉस एंजेलिसच्या कोरियन दुकानदारांत ‘क्ये’ नावाने तेच दिसतं. ह्याचं कौतुक सगळे करतात. पण ज्यांच्याकडून भांडवल आलंय तेच तुमचे मित्र, तेच लग्नकार्यातले, तेच गिऱ्हाईक आणि तेच स्पर्धक. त्यांच्यासमोर ‘यंदा जमत नाहीये’ म्हणायची सोय नाही, कारण ते वाक्य पुढच्या हप्त्याच्या आधी सगळीकडे पोचतं. त्यामुळे चारशे ओळखी असलेला माणूस अडचणीत अगदी एकटा पडतो. स्थानिक लोकांत उठबस नसते, वेळच नसतो. मला विचाराल तर तासांपेक्षा हे जास्त पोखरतं.

दुसरं, सुरक्षितता. १९९२ च्या लॉस एंजेलिसच्या दंगलीत कोरियन मालकीच्या दोन हजारांहून जास्त दुकानांचं नुकसान झालं. शहरातल्या गरीब वस्त्यांत धंदा करणाऱ्यांना नामांकित कंपन्या विमा सहसा देत नव्हत्या, म्हणून अनेकांनी परवाना नसलेल्या परदेशी कंपन्यांच्या पॉलिसी घेतल्या होत्या, आणि त्या वेळेला कामी आल्या नाहीत. मोठे व्यापारी ज्या वस्तीत जात नाहीत तिथे स्थलांतरिताला जागा मिळते. एडना बोनासिच यांनी १९७३ मध्ये ‘मध्यस्थ अल्पसंख्य’ अशी कल्पना मांडली, ती हीच : वरचे आणि खालचे यांच्या मधोमध काउंटरवर उभा असलेला परका. राग कुणाचाही कुणावरही असो, हाताला तो लागतो. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत दिली होती. धंदे जागच्या जागी सोडून माणसं निघाली.

नाडीपरीक्षा

तब्येतीचं थोडं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१ चा संयुक्त अभ्यास आहे. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त. ही सगळ्याच कष्टकऱ्यांची आकडेवारी आहे, नुसत्या स्थलांतरितांची नाही. पण ५५ तास ऐकून इथले किती जण ‘एवढेच?’ म्हणाले असतील.

माझ्याकडे येणारे व्यावसायिक उशिरा येतात. फी हे एकच कारण नसतं. तपासणीत काही निघालं तर पुढे काय, ह्याचं उत्तर नसल्यामुळे तपासणीच टाळतात. नोकरदाराला पगारी आजारपणाची रजा असते, मालकाला आजारपण म्हणजे मिळकत बंद आणि भाडं चालू. कॅनडात २०११ पासून स्वयंरोजगार असलेल्यांना ऐच्छिक नोंदणी करून, वर्षभर थांबल्यावर, आजारपण आणि बाळंतपणाचा भत्ता मिळू शकतो. असं काही आपापल्या देशात आहे का ते बघा. धडधाकट असताना बघा. नंतर दारं बंद असतात.

हिशेबनीस

म्हातारपण राहिलं, आणि माझ्या टेबलावर सगळ्यात वाईट बातमी तिथेच सांगावी लागते.

कर वाचवायला नफा कमी दाखवायची सवय बऱ्याच जणांना असते. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी, ४० क्रेडिट (मिळकतीवर पडणाऱ्या नोंदी) लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षं. पेन्शनची रक्कम दाखवलेल्या मिळकतीवर ठरते. कमी दाखवलंत, कमी मिळेल. ब्रिटनमध्ये पूर्ण सरकारी पेन्शनला साधारण ३५ वर्षांची नोंद हवी, दहाच्या खाली काहीच नाही. तिशी-चाळिशीत आलेल्याला हे वर्षांचं गणित मुळातच तोकडं पडतं. ऑस्ट्रेलियात एकट्याच्या नावाने धंदा करणाऱ्याला स्वतःसाठी सुपर (निवृत्ती निधी) भरण्याची सक्ती नाही, त्यामुळे पुष्कळ जण भरत नाहीत.

‘धंदा विकू, तेच पेन्शन’ असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. गिऱ्हाईक तुमच्या तोंडाकडे बघून येत असेल, भाडेकराराची तीन वर्षं उरली असतील आणि नफा म्हणजे तुमचे न मोजलेले तास असतील, तर विकत घेणारा नेमकं काय विकत घेणार?

आणि बायको. पंचवीस वर्षं धंद्यात उभी राहिलेली बाई, तिच्या नावावर एकही पगार नाही. अमेरिकेत नवऱ्याच्या नोंदीवर तिला त्याच्या मूळ पेन्शनच्या निम्म्यापर्यंत मिळू शकतं. स्वतःच्या कामाचं काही नाही. वैधव्य किंवा घटस्फोट आला की ही बाब एकदम कळते. आणि चाळिशीतच अपंगत्व आलं, तर स्वतःच्या नोंदी नसल्याने अपंगत्वाचा लाभही नाही.

पैलतीर

@हिशेबनीस, हे वाचून आमचे कागद काढले. माझ्या नावाने पगार सुरू करायचा तर करही वाढेल ना? नवऱ्याचा पहिला प्रश्न तोच आहे.

हिशेबनीस

देशावर अवलंबून. ब्रिटनमध्ये पगार ठरावीक किमान पातळीच्या वर आणि कर्मचाऱ्याची नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विमा) वर्गणी सुरू होण्याच्या पातळीच्या खाली ठेवला, तर तुमच्या पगारातून वर्गणी न कापता पेन्शनसाठी वर्षाची नोंद होते; मालकाच्या वाट्याची वर्गणी मात्र लागू शकते. त्या पातळ्या दरवर्षी बदलतात, चालू वर्षाच्या बघा. पगार खऱ्या कामाचा हवा आणि तसा खात्यात जमा झालेला दिसायला हवा.

अमेरिकेत पगार न काढताही एक वाट आहे. नवरा-बायको दोघंही धंद्यात प्रत्यक्ष काम करत असतील, विवरणपत्र एकत्र भरत असतील आणि मालक दोघंच असतील, तर ‘क्वालिफाइड जॉइंट व्हेंचर’ (नवरा-बायकोचा संयुक्त धंदा) हा पर्याय निवडता येतो. नफा दोघांत वाटून दोघं वेगवेगळी शेड्यूल सी (धंद्याच्या नफ्याचं करपत्रक) भरता, आणि क्रेडिट दोघांच्या नावावर पडतात. एकूण कर सहसा वाढत नाही. धंदा एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर असेल तर मात्र काही ठरावीक राज्यं सोडून हे चालत नाही. तुमचा धंदा कुठल्या रूपात नोंदवलाय ते आधी बघा आणि इथे लिहा. देश कुठला तेही लिहा, मग पुढचं सांगतो. मागच्या वर्षांचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘फार थोडं’ असंच आहे.